तीन कारखान्यांचे हिस्टोरियन एका जागेवरून सांभाळताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुरकुंभ, लोटे आणि दहेज इथे तीन कारखाने. तिन्हीकडे पीआय सिस्टिमचे (मोजमापं वेळेसह साठवणाऱ्या हिस्टोरियन सॉफ्टवेअरचे) स्वतंत्र सर्व्हर, वेगवेगळ्या कंत्राटदारांनी वेगवेगळ्या वर्षी बसवलेले. टॅगची (एकेका मोजमापाच्या नोंदीची) नावं जुळत नाहीत, सेटिंग जुळत नाहीत. आता पुण्याच्या ऑफिसात दोन माणसांची टीम नेमली आहे आणि त्यांनी एकाच कन्सोलवरून सगळं चालवावं अशी वरून अपेक्षा आहे. हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमतं. कन्सोल जोडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. पीआय सिस्टिम मॅनेजमेंट टूल्समध्ये (सगळे त्याला एसएमटीच म्हणतात) डावीकडच्या यादीत तिन्ही सर्व्हर टाकले, वाटेतल्या फायरवॉलमध्ये ५४५० पोर्टची परवानगी मिळाली, की तिन्हीकडचे टॅग एकाच खिडकीत दिसायला लागतात. बॉसला दाखवायला छान वाटतं. पण आजपर्यंत लोट्यात कुणी चुकीचं सेटिंग केलं तर ते लोट्यातच राहत होतं. उद्यापासून तीच चूक एका क्लिकमध्ये तिन्ही कारखान्यांत जाईल. म्हणून टूल उघडण्याआधी एक कागद तयार करा: टॅगच्या कोणत्या रकान्यावर कुणाचा हक्क. केंद्राने काय ठरवायचं, कारखान्याने काय ठरवायचं, आणि कशाला दोघांची सही लागेल. ज्या ठिकाणी हा कागद नव्हता तिथे एकतर पुण्या-मुंबईची टीम डोईजड झालेली मी पाहिली आहे, नाहीतर नावापुरती उरलेली.

हे का म्हणतोय ते एका टॅगवरून सांगतो. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) आउटलेटवरचा पीएच घ्या. पीआयमध्ये नवा टॅग बनवताना झिरो (रेंजचं खालचं टोक) आणि स्पॅन (रेंजची लांबी) भरले नाहीत तर ते ० आणि १०० धरले जातात. एक्सेप्शन डेव्हिएशन स्पॅनच्या १ टक्का आणि कॉम्प्रेशन डेव्हिएशन २ टक्के, हेही न सांगता लागू होतं. तापमानाला हे कदाचित खपून जाईल. पण पीएच ० ते १४ मध्ये फिरतो, आणि इथे १ टक्का म्हणजे पूर्ण १ पीएच. तेवढा हलला तरच इंटरफेस (कंट्रोल सिस्टिममधून डेटा आणून देणारा प्रोग्रॅम) नवं मूल्य सर्व्हरकडे पाठवणार, हे एक्सेप्शन. त्यापुढे अर्काइव्हमध्ये (कायमच्या साठ्यात) जाताना कॉम्प्रेशनमुळे रेषेच्या आजूबाजूला २ पीएचपर्यंतचा चढउतार गाळला जाणार. विसर्गाची सर्वसाधारण मर्यादा ५.५ ते ९. म्हणजे ७ वरून ८.८ पर्यंत चढून परत आलेला पीएच महिन्याभराने ट्रेंड काढला तर सापडणारच नाही, तिथे सरळ रेष असेल. जिवंत स्क्रीनवर मात्र सगळं ठीक वाटतं. बारकाईने पाहिलं तर आकडा दर दहा मिनिटांनी एकदाच हलताना दिसतो, कारण एक्सेप्शन मॅक्सिमम ६०० सेकंद असतो आणि तेवढा वेळ उलटला की फरक लहान असला तरी मूल्य पाठवलं जातं. ऑपरेटर एवढं बघत बसत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांना ऑनलाइन मोजमाप बसवायला सांगितलं. मंडळाकडे जाणारा तो डेटा बहुतेक कारखान्यांत वेगळ्या लॉगरमधून परस्पर जातो. मंडळाच्या आलेखावर शिखर आणि तुमच्या हिस्टोरियनमध्ये सपाट रेष, अशी वेळ आली की खुलासा लिहिताना घाम फुटतो. आणि गाळलेला डेटा मागाहून सेटिंग सुधारून परत येत नाही.

उपाय साधा: झिरो ०, स्पॅन १४, कॉम्प्रेशन डेव्हिएशन साधारण ०.१ पीएच, एक्सेप्शन त्याच्या निम्मं. उपकरण खरोखर जेवढं अचूक वाचतं तेवढं कॉम्प्रेशन आणि त्याच्या अर्धं एक्सेप्शन, हा अंगठेनियम जवळपास सगळीकडे चालतो. स्पॅन बदलल्यावर डेव्हिएशनचे दोन्ही आकडे, टक्क्यांतला आणि प्रत्यक्ष एककातला, पुन्हा उघडून वाचा. उलट टोकाचं उदाहरण कूलिंग वॉटरच्या प्रवाहाचं. रेंज ० ते २५०० घनमीटर प्रतितास, स्पॅन मात्र विसरून १०० राहिलेला. मग डेव्हिएशन २ घनमीटर होतं, प्रवाहाची नुसती थरथरही त्याहून मोठी असते, आणि जवळजवळ प्रत्येक स्कॅन डिस्कवर लिहिला जातो. एक टॅग उपाशी, दुसऱ्याला अजीर्ण, आणि दोन्हींचं कारण तेच.

आता केंद्रीय टीमचा पहिला मोह काय असतो? ‘सगळीकडे कॉम्प्रेशन अर्धा टक्का करून टाकू, स्टँडर्ड होईल.’ असं सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका. स्टँडर्ड हवंच, पण ते सेवेच्या प्रकारानुसार: तापमान, दाब, पातळी, प्रवाह, विश्लेषक. टोटलायझर (चढती बेरीज मोजणारे टॅग) आणि बॅच क्रमांकांना कॉम्प्रेशन बंद. सेटपॉइंट आणि बॅच क्रमांकांना स्टेप (पुढची नोंद येईपर्यंत आधीचंच मूल्य धरणं) चालू, नाहीतर ४० वरून ६० केलेला सेटपॉइंट ट्रेंडमध्ये हळूहळू चढल्यासारखा दिसतो. प्रकार केंद्राने ठरवावेत. कोणता टॅग कोणत्या प्रकारात बसतो ते कारखान्याच्या प्रोसेस इंजिनिअरने.

हक्काच्या कागदावर सगळ्यात जास्त वाद स्पॅनवरून होतो. स्पॅनचा खरा मालक इन्स्ट्रुमेंट विभाग. तिथला माणूस हार्ट कम्युनिकेटर घेऊन जातो, ट्रान्समीटरची रेंज ०-१० वरून ०-१६ करतो, डीसीएसमध्ये (कारखान्याच्या कंट्रोल सिस्टिममध्ये) बदलतो, कॅलिब्रेशनच्या कागदावर सही करतो आणि चहाला जातो. हिस्टोरियनला कुणी सांगत नाही. ओपीसीमधून (डीसीएसचा डेटा बाहेर देणाऱ्या दुव्यातून) मूल्य थेट किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये येत असल्यामुळे आकडा बरोबरच दिसतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. टॅग जुन्या पद्धतीने फ्लोट-१६ प्रकारचा (झिरो-स्पॅनच्या हद्दीतलंच मूल्य साठवणारा) असेल तर मात्र १० च्या वर गेल्यावर ‘ओव्हर रेंज’ येतं आणि ऐन मोक्याच्या वेळचा डेटा हातचा जातो. (नवीन टॅग फ्लोट-३२ च ठेवा. डिस्क वाचवायचे दिवस गेले.)

केंद्रीय टूलचा खरा फायदा इथे आहे, आणि तो फारसा कुणी घेत नाही. महिन्यातून एकदा डीसीएसमधून टॅग, रेंज आणि एकक यांचा एक्स्पोर्ट मागवा, पीआय बिल्डरमधून तेच रकाने काढा आणि शेजारी ठेवून फरकाची यादी बनवा. यादी केंद्राने बनवायची, दुरुस्ती कारखान्याने करायची. केंद्राने परस्पर दुरुस्त केलं तर दोन महिन्यांत कारखाना हात झटकतो: ‘ते पुण्याचं काम आहे.’

पीआय बिल्डर म्हणजे एक्सेलला जोडायचं ॲड-इन. हजारो टॅग एका शीटमध्ये आणून बदलायची सोय. मोठ्या बदलांसाठी दुसरा शहाणा मार्ग नाही, आणि घोळही इथेच होतात. एक नेहमीचा दाखवतो. टॅगच्या लोकेशन-१ या रकान्यात इंटरफेसचा क्रमांक असतो, लोकेशन-४ मध्ये स्कॅन क्लास (किती वेळाने वाचायचं ते). पहिल्या दोन ओळींत १ आणि २ लिहिलेलं, कुणीतरी दोन्ही निवडून कोपरा धरून खाली ओढलं, आणि एक्सेलने मदत म्हणून ३, ४, ५ असं चारशेपर्यंत भरून दिलं. पब्लिश केलं. कुठेही लाल रंग नाही, कारण क्रमांक ३१७ चा इंटरफेस अस्तित्वात नाही हे सर्व्हरच्या दृष्टीने चूक नाहीच. उद्या कुणी बसवेल. टॅग फक्त गप्प होतात. त्याच एक्सेलचा दुसरा उद्योग म्हणजे ‘डीईसी-१’ सारख्या उपकरणाच्या नावाची तारीख करून टाकणं. शीटचे सगळे रकाने आधी टेक्स्ट करून घ्या.

पब्लिश करताना ‘क्रिएट अँड एडिट’ निवडायची सवय मोडा. दुरुस्तीचं काम असेल तर ‘एडिट ओन्ली’. नाहीतर नावात एक अक्षर चुकलं की जुना टॅग तसाच राहतो आणि शेजारी नवा, रिकामा टॅग जन्माला येतो. बदलाआधीची शीट तारीख घालून वेगळी ठेवा. तीच तुमची परतीची वाट. आणि आधी दहा टॅग, तेही एकाच कारखान्यात. दुसऱ्या दिवशी ट्रेंड बघून मग बाकीचे.

टॅग हटवू नका, कितीही जुना असो. स्कॅन आणि अर्काइव्हिंग दोन्ही बंद करा, वर्णनात ‘निवृत्त’ असा शब्द टाका, बस. हटवला की त्याच्या इतिहासापर्यंत पोचायचा नेहमीचा रस्ता बंद होतो. नाव बदलणं तुलनेने सुरक्षित आहे, कारण पीआय आतून पॉइंट आयडीने ओळखतं आणि इतिहास टिकतो. पण त्या नावावर बेतलेली एक्सेल रिपोर्टं आणि जुन्या स्क्रीन मोडतात. तिन्ही कारखान्यांची नावं एकसारखी करण्याचा अट्टाहास मला म्हणूनच पटत नाही. पुढे कारखान्याचा उपसर्ग लावा आणि डीसीएसमधलं नाव जसंच्या तसं ठेवा. रात्री दोनला फोन करणारा शिफ्ट इनचार्ज डीसीएसचंच नाव सांगणार आहे.

एकसारखेपणाचा हट्ट सर्वात महाग पडतो तो डिजिटल स्टेटमध्ये. पंपाची अवस्था पीआय ‘चालू’ किंवा ‘बंद’ या शब्दाने साठवत नाही. कोणता स्टेट सेट आणि त्यातला कितवा क्रमांक, एवढंच साठवतं. शब्द यादीतून त्या क्षणी वाचला जातो. समजा लोट्यात ० म्हणजे बंद, १ म्हणजे चालू, २ म्हणजे ट्रिप (बिघाडामुळे आपोआप बंद पडणं). कुरकुंभमध्ये ‘लोकल’ (पंप जागेवरून चालवणं) ही अवस्थाही आहे, म्हणून पुण्याहून कुणीतरी लोट्याच्या यादीत ती चालू आणि ट्रिपच्या मध्ये घुसवली. आता २ म्हणजे लोकल. गेल्या पाच वर्षांतल्या लोट्याच्या प्रत्येक पंपाच्या प्रत्येक ट्रिपची त्या मिनिटाला ‘लोकल’ झाली. शिवाय इंटरफेस अजून ट्रिपसाठी २ च पाठवतोय, म्हणजे पुढचाही इतिहास चुकीचा. साठवलेल्या डेटातला एकही आकडा बदललेला नाही, तरी विश्वासार्हतेच्या अहवालात लोट्याचे पंप एकदाही ट्रिप न झालेले निघतील. नवी अवस्था नेहमी यादीच्या शेवटी जोडायची, हा नियम भिंतीवर लिहा. तिन्ही कारखान्यांत समान शब्द हवेच असतील तर खालच्या याद्यांना हात न लावता ते वर, ॲसेट फ्रेमवर्कमध्ये जुळवा.

ॲसेट फ्रेमवर्क, म्हणजे एएफ, हीच केंद्राने बिनधास्त हाताळायची जागा. सेंट्रिफ्यूगल पंपाचं एक टेम्प्लेट: मोटरचा करंट, बेअरिंगचं तापमान, डिस्चार्जचा दाब, व्हायब्रेशन. प्रत्येक गुणधर्म त्या-त्या कारखान्याच्या टॅगला बांधलेला, मग टॅगचं नाव काहीही असो. टेम्प्लेटमध्ये एक गणित सुधारलं की तिन्हीकडच्या पंपांना लागू. इथे चूक झाली तरी मूळ डेटाला धक्का लागत नाही, फक्त दाखवणं चुकतं, आणि ते दुरुस्त होतं. तुमच्या दोन माणसांचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जायला हवा.

कन्सोलवर सगळं एकत्र दिसत असलं तरी ते तीन वेगळ्या ठिकाणी राहतं हे बॅकअप लावताना आठवा. टॅग आणि अर्काइव्ह डेटा अर्काइव्ह सर्व्हरवर. एएफ एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये. आणि इंटरफेसचं कॉन्फिगरेशन त्या-त्या इंटरफेस नोडवरच्या बॅच फाइलमध्ये, जे तिथे बसूनच, इंटरफेस कॉन्फिगरेशन युटिलिटीने बदलायचं. तिसरी गोष्ट बॅकअपमध्ये हमखास सुटते. नोडची डिस्क गेली की कळतं, आणि तोवर ती लिहिणारा कंत्राटदार दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

दहेजला दोन सर्व्हरचं कलेक्टिव्ह (एक बंद असला तरी दुसरा चालावा अशी जोडी) आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे एक गैरसमज आधीच दूर करा. प्रायमरीवर केलेले टॅगचे बदल सेकंडरीवर आपोआप जातात. प्रोसेसचा डेटा जात नाही. तो इंटरफेस नोडवरचं बफरिंग (डेटा पोचेपर्यंत धरून ठेवणारी सोय) दोघांना वेगवेगळा पाठवतं. एखाद्या नोडवर बफरिंग फक्त प्रायमरीकडेच लावलेलं असेल, तर दोन्हीकडे टॅग दिसतील पण सेकंडरीच्या ट्रेंडमध्ये खड्डा असेल. प्रायमरी देखभालीला बंद केला की तो खड्डा सगळ्यांना दिसतो. आजच दोन्ही सर्व्हरवरून थेट तोच ट्रेंड काढून तुलना करा.

सुरक्षेचं थोडक्यात. पुण्याच्या डेस्कटॉपवरून थेट कारखान्याच्या कंट्रोल नेटवर्कमध्ये ५४५० उघडू नका. मधल्या डीएमझेडमध्ये (ऑफिस आणि कंट्रोल नेटवर्क यांच्यातल्या वेगळ्या पट्ट्यात) एक जंप सर्व्हर ठेवा, एसएमटी आणि बिल्डर तिथेच बसवा, बाहेरून फक्त तिथवर या. पीआयॲडमिन हे सर्वाधिकारांचं खातं कुलपात. विंडोज ग्रुप बनवा, प्रत्येक कारखान्याचा वेगळा, आणि त्यांना पीआय आयडेंटिटीशी (पीआयमधल्या परवानग्यांच्या ओळखीशी) जोडा. प्रत्येक टॅगवर शेवटचा बदल कुणी आणि कधी केला हे दोन रकाने आपोआप भरले जातात, पण सगळेच पीआयॲडमिन म्हणून शिरत असतील तर ‘कुणी’ या रकान्याला काही अर्थ उरत नाही. पहिले काही महिने केंद्राला फक्त वाचायची परवानगी ठेवा. कारखान्याचा विश्वासही बसतो आणि केंद्राला घर कळतं.

घड्याळं. पीआय सगळं यूटीसीमध्ये साठवतं, त्यामुळे साडेपाच तासांची भानगड दाखवण्यापुरतीच. पण एखाद्या नोडचं घड्याळ पुढे पळालं आणि मूल्याची वेळ सर्व्हरच्या १० मिनिटांहून पुढची निघाली, तर साधा टॅग ते मूल्य स्वीकारत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या, वेळेशी घड्याळं मिळवायची आहेतच. आयटीने ते ऑफिसात केलेलं असतं. कंट्रोल नेटवर्कमध्ये केलंय का, हे तुम्ही विचारा.

आणि एक चाचणी मात्र न चुकता करा: नियोजित दिवशी पुण्याचा दुवा तोडा आणि आठ तास तसाच राहू द्या. कारखान्यात कुणाला कळताही कामा नये. त्यानंतर कारखान्यातच, इंटरफेस नोड आणि सर्व्हर यांच्यामधली केबल अर्धा तास काढा. जोडल्यावर बफरमधला डेटा मागून येऊन ट्रेंडमधली फट भरली पाहिजे. नाही भरली तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते.

तुमच्याकडे पीआयऐवजी प्रोफिसी हिस्टोरियन किंवा एव्हिवा हिस्टोरियन असता तरी मी जवळपास हेच सांगितलं असतं. तिथे कलेक्टर कॉम्प्रेशन, अर्काइव्ह कॉम्प्रेशन, स्विंगिंग डोअर अशा नावांनी तीच गाळणी भेटते, पडदे वेगळे असतात. विक्रेत्याला डेमोच्या वेळी एकच विचारा: पाचशे टॅगवर केलेला बदल मागे कसा घ्यायचा ते आत्ता करून दाखवा.

क्रम म्हणाल तर कुरकुंभपासून सुरू करा, कारण तिथला इन्स्ट्रुमेंट मॅनेजर स्वतःच मागे लागलाय असं तुम्ही म्हणता. पहिला आठवडा नुसता एसएमटीमधल्या ‘स्टेल अँड बॅड पॉइंट्स’ची यादी रोज सकाळी काढा आणि मेलेले टॅग कारखान्याकडून तपासून घ्या. पण वरच्या पीएचसारखा टॅग या यादीत येणार नाही, तो दर दहा मिनिटांनी जिवंत असल्याचं दाखवत राहतो. त्याच्यासाठी वेगळी यादी काढा: ज्यांचं झिरो ०, स्पॅन १०० आणि एकक मात्र टक्के किंवा अंश सेल्सिअस नाही असे सगळे टॅग. बिल्डरमध्ये फिल्टर लावायचं काम आहे. ईटीपी आणि स्टॅकचे (धुराड्याचे) टॅग त्यात सापडले तर त्याच दिवशी कारखान्याला कळवा, महिनाअखेरच्या यादीची वाट बघू नका. दहेजचं कलेक्टिव्ह आणि लोट्याचे डिजिटल स्टेट पुढच्या शटडाउनपर्यंत आहेत तसेच राहू देत.